गवत-मातीच्या घरातली लेक : अमेरिकेच्या प्रेअरीवर नव्यानं वसलेल्या कुटुंबातल्या मुलीचं आयुष्य

१८७० च्या दशकात नेब्रास्का किंवा कॅन्ससच्या गवताळ माळावर, म्हणजे प्रेअरीवर, एखादं कुटुंब गाडीतून उतरायचं, तेव्हा बापाच्या खिशात एक पावती असायची: १६० एकर जमिनीवर दावा दाखल केल्याची. पाच वर्षं तिथं राहून जमीन कसून दाखवली की ती त्याच्या नावावर होणार. त्या पाच वर्षांबद्दल लिहिताना नांगर, बैल आणि बंदूक यांना भरपूर जागा मिळते. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला ‘ती आईला मदत करायची’ एवढं एकच वाक्य येतं. ही मदत नेमकी कसली, किती वजनाची, आणि ती चुकली तर काय व्हायचं, हे इथं पाहू. नव्यानं फोडलेली जमीन पहिली एक-दोन वर्षं फारसं काही देत नसे. त्या काळात घरात साखर, कॉफी आणि कापड यायचं ते बहुतेक वेळा आई आणि लेकीच्या हातच्या लोण्या-अंड्यांवर.

पावतीमागचा कायदा

अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. वय २१ पूर्ण असेल किंवा माणूस कुटुंबप्रमुख असेल, आणि तो अमेरिकेचा नागरिक असेल किंवा नागरिक होण्याचा इरादा त्यानं नोंदवला असेल, तर त्याला १६० एकरांवर दावा लावता येई. सुरुवातीला १० डॉलर नोंदणीचे, २ डॉलर अधिकाऱ्याचं कमिशन आणि शेवटी ६ डॉलर, असा एकूण १८ डॉलर खर्च. जमीन फुकट होती असं म्हणतात ते या अर्थानं. बैल, नांगर, चूल, बियाणं आणि पहिल्या हिवाळ्याचं धान्य यांचा खर्च वेगळा, आणि कुटुंबं बुडायची ती त्याच खर्चात.

आणि ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. नेब्रास्कातल्या मूळनिवासी पॉनी लोकांनी एकामागून एक करारांत आपला प्रदेश गमावला आणि १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमाकडे जावं लागलं. १८७७ मध्ये पाँका लोकांना सरकारनं बळानं हलवलं. वसाहतीतल्या मुलीला खेळताना दगडी बाणाचं टोक सापडे, त्यामागं ही हकिकत होती. तिला ती सहसा कोणी सांगत नसे.

मुलीच्या रोजच्या जगण्यावर जमीन-मोजणीचा मोठा परिणाम झाला. सगळा माळ सहा मैल लांबी-रुंदीच्या चौकोनांत आखलेला होता. त्यातल्या प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग, एकेक भाग ६४० एकरांचा. दाव्याची जमीन म्हणजे त्या भागाचा चौथा हिस्सा, अर्धा मैल बाय अर्धा मैल. कायद्यानं प्रत्येकानं आपापल्या जमिनीवरच राहायचं, त्यामुळे गाव म्हणून एकत्र वस्ती होतच नसे. सगळे शेजारी आले तरी दोन घरांत अर्ध्या मैलाचं अंतर, आणि सुरुवातीला तर कित्येक मैल दुसरा धूरच दिसत नसे. मैत्रीण ही गोष्ट तिच्यासाठी आठवड्यातून एकदा, रविवारी, चालत जाऊन भेटण्याची होती.

घर : माळ सोलून रचलेल्या भिंती

झाडं फक्त ओढ्याकाठी, तीही मोजकी. म्हणून घर बांधायचं ते जमिनीच्या सालीचं, म्हणजे सॉडचं. शतकानुशतकं वाढलेल्या गवताच्या मुळांनी वरची चार इंच माती इतकी घट्ट विणलेली असे की तिच्या लाद्या पाडता येत. खास नांगरानं साधारण एक फूट रुंद आणि चार इंच जाड पट्टी उलटायची आणि कुदळीनं तिचे दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे. एकेका लादीचं वजन वीस किलोच्या पुढं. सोळा बाय वीस फुटांच्या एका खोलीसाठी साधारण अर्धा एकर माळ सोलावा लागे.

लादी रचताना गवताची बाजू खाली. सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, आणि दर तीन-चार थरांनी एक थर आडवा घालून भिंत बांधून घ्यायची. भिंत दोन ते तीन फूट जाड. त्या दिवशी जेवढं रचून होईल तेवढंच कापायचं हा नियम मोडला की रात्रीत लाद्या वाळत आणि सकाळी उचलताना हातात भुगा येई. मुलीचं काम असे सांध्यांत ओली माती दाबण्याचं, आणि खिडकीच्या चौकटीवर सोडलेली फट चिंध्या नि गवतानं भरण्याचं. ही फट मुद्दाम सोडत, कारण भिंत वर्षभरात काही इंच खाली बसते. फट नसेल तर सगळा भार चौकटीवर येतो आणि घरातली एकुलती एक काच तडकते.

छप्पर हा या घराचा सगळ्यात कच्चा भाग. मधे एक आडं, त्यावर फांद्या आणि गवत, आणि वर पुन्हा सॉडच. पाऊस थांबला तरी भिजलेलं छप्पर पुढं एक-दोन दिवस गळत राही, आणि ते पाणी म्हणजे पातळ चिखल. भिजलेल्या मातीच्या वजनानं आडं मोडून माणसं दबल्याच्याही घटना आहेत. पावसाळी दिवसांत म्हणून आतून टेकू देत. रोजचा त्रास मात्र वेगळा होता: वरून माती, किडे आणि कधी कधी साप पडत. त्यावर उपाय म्हणून छताखाली पातळ कापड ताणून बांधायचं. ते उतरवून झटकणं, धुणं, पुन्हा बांधणं हे मुलीकडं असे. भिंती कुदळीनं तासून त्यांना चुन्याची सफेदी केली की खोली उजळ व्हायची. ही घरं उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असत, आणि आगीत सहसा जळत नसत. गचाळपणाचं प्रतीक म्हणून त्यांच्याकडं बोट दाखवणं अन्यायाचं आहे. त्या माळावर तेवढ्या पैशांत त्याहून चांगलं घर होऊ शकत नव्हतं.

पाणी

दिवसाचा सगळ्यात जड भाग पाणी हाच. दोन बादल्या दहा-दहा लिटरच्या धरल्या तरी एका खेपेला वीस किलो. ओढा अर्ध्या मैलावर असेल तर जाऊन-येऊन एक मैल. स्वयंपाक, भांडी, कोंबड्या आणि वासरू एवढ्यालाच रोज पाच-सहा खेपा लागत. जरा बरी परिस्थिती असली तर घसरगाडीवर पिंप ठेवून ते बैलाकडून ओढवत. पिंपाच्या तोंडावर कापड ताणून वर कडं बसवायचं, नाहीतर खडबडीत वाटेवर निम्मं पाणी हिंदकळून सांडे.

विहीर हातानं खणत, तीन-चार फूट व्यासाची. ओढ्याजवळ वीस-तीस फुटांवर पाणी लागे. उंच पठारावर शंभर-दोनशे फूट खाली जावं लागे. बाप खाली खणतो आणि वर रहाटावर मातीची बादली ओढायला आई नि मुलगी, अशी जोडी असायची. दोर निसटला तर बादली थेट बापाच्या डोक्यावर जाणार, त्यामुळे हे पोरवयात सोपवलेलं फार मोठं जोखमीचं काम होतं. दुसरा धोका दिसत नसे. खोल विहिरीत तळाशी जड विषारी हवा साचते. म्हणून सकाळी उतरण्याआधी पेटती मेणबत्ती दोरीनं खाली सोडायची. ती विझली तर कोणीही उतरायचं नाही. गोठा विहिरीच्या वरच्या अंगाला बांधला तर शेणमुताचं पाणी झिरपून विहिरीत जाई आणि घरात विषमज्वर येई. हे कारण त्या काळी बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

चूल पेटती ठेवणं

लाकूड नाही, म्हणून सरपण म्हणजे रानशेणी. आधी रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांचे कळप कापून संपवले गेले, मग गायी-बैलांच्या. शेण माळावर पडल्या जागी वाळू द्यायचं, मधे एकदा उलटायचं, आणि हिवाळ्याआधी पोत्यांनी गोळा करून कोरड्या जागी रचायचं. पुरतं वाळलेलं शेण हलकं असतं आणि त्याला वास जवळजवळ नसतो. ओलसर राहिलं तर नुसता धूर. रानशेणी भरभर जळते आणि राख भरपूर सोडते, त्यामुळे स्वयंपाक होईपर्यंत मुलीची फेरी सतत चालू: पोत्यातून चुलीत आणि चुलीतून राखेच्या डब्यात. दर वेळी हात धुवायचे, म्हणजे पुन्हा पाणी.

शेणी संपल्या की वाळकं गवत. गवताचा जुडगा पिळून, दोन्ही टोकं आत खोचून हातभर लांबीची घट्ट पिळी करायची. सैल पिळलेली पिळी फुर्रकन जळून जाते. घट्ट असली तरी काही मिनिटंच टिकते. बर्फाच्या वादळात एक माणूस पिळ्या वळायला आणि एक चुलीत सारायला, असं दिवसभर चाले. मक्याचे भाव फारच पडले तेव्हा लोकांनी चुलीत मक्याची कणसं जाळली. रशियातून आलेल्या जर्मन कुटुंबांची पद्धत आणखी निराळी होती. ते शेणात पेंढा मिसळून, घोड्यांकडून तुडवून, त्याच्या विटा पाडून वाळवत. या विटा शेणीपेक्षा सावकाश जळत. विटा उलटून वाळवायचं काम मुलांचं.

लोणी : घरातलं नगद पीक

या मुलीच्या कामांत सगळ्यात जास्त कौशल्य लोण्यात लागे, आणि घराचा हिशेबही त्यावरच चाले. आपल्याकडं दही लावून घुसळतात. तिथं दुधावरची मलई काढून घुसळत.

दूध गाळून उथळ पसरट भांड्यांत ओतायचं आणि बारा ते चोवीस तास गार जागी हलवायचं नाही. मलई वर येते. ती चपट्या पळीनं काढून मातीच्या बरणीत साठवायची आणि किंचित आंबू द्यायची. आंबट मलईचं लोणी लवकर सुटतं आणि चवही चांगली लागते. मग उभ्या लाकडी बुधलीत दट्ट्यानं वर-खाली. मलई १५ ते १७ अंश सेल्सिअसला असली तर अर्ध्या-पाऊण तासात लोणी येतं. थर्मामीटर नसायचा, त्यामुळे मुलगी बुधलीला हात लावून ठरवायची. मलई फार गार असली तर नुसता फेस चढतो आणि दोन तास घुसळूनही लोणी जमत नाही. अशा वेळी बुधली कोमट पाण्यात ठेवायची. फार गरम असली तर लोणी लवकर येतं, पण पांढुरकं, चिकट आणि ताक न सोडणारं. ते दोन दिवसांत खवट होतं.

दाणे गव्हाएवढे दिसले की थांबायचं. आणखी घुसळलं तर दाण्यांचा गोळा होतो आणि ताक आत अडकतं. ताक ओतून टाकायचं, गार पाणी घालून धुवायचं, आणि पाणी निवळ दिसेपर्यंत हे करत राहायचं. मग पौंडाला एक औंस, म्हणजे अर्ध्या किलोला साधारण तीस ग्रॅम मीठ घालून लाकडी चपटीनं दाबून दाबून उरलेलं पाणी काढायचं. हातानं कधीच मळायचं नाही, कारण हाताच्या उबेनं लोणी तेलकट होतं. सुमारे दहा लिटर दुधातून एक पौंडाच्या आसपास लोणी निघे. हिवाळ्यात गायी वाळकं गवत खात, तेव्हा लोणी पांढरं पडे. मग गाजराचा रस घालून पिवळेपणा आणत.

हे लोणी नक्षीदार साच्यात दाबून, ओल्या कापडात गुंडाळून आणि विहिरीत दोरीनं टांगून गार ठेवून दुकानात जाई. दुकानदार रोख क्वचितच देई. खात्यावर मांडून घेई आणि बदल्यात माल देई. उन्हाळ्यात सगळ्यांच्याच गायी दुभत्या, म्हणून भाव पडलेला. हिवाळ्यात भाव चढलेला, पण गायी आटलेल्या. कोणाच्या घरचं लोणी चांगलं हे दुकानदाराला साच्याच्या खुणेवरून ओळखू येई, आणि चांगल्या खुणेला पौंडामागं एक-दोन सेंट जास्त मिळत. चौदा वर्षांच्या मुलीची बाजारातली पत ही अशी त्या नक्षीवर उभी असायची.

सोमवार आणि साबण

धुण्याचा दिवस सोमवार, इस्त्रीचा मंगळवार. पुढचे दिवस शिवण-टिपण, लोणी, साफसफाई आणि शनिवारी पाव भाजणं. रविवारी विसावा, म्हणजे गुरांचं, पाण्याचं आणि स्वयंपाकाचं सोडून बाकीचा.

एका कुटुंबाचं आठवड्याचं धुणं, उकळणं आणि खळबळणं यांना मिळून जवळपास १९० लिटर पाणी लागे. ते सगळं आणायचं, तापवायचं आणि मग उचलून ओतायचं. विहिरीचं पाणी जड असल्यानं साबणाला फेस येत नसे, कपड्यांवर करडा चिकट थर बसे. उपाय दोन होते. छपराचं पावसाचं पाणी साठवायचं, किंवा पाण्यात थोडा खार घालून वर आलेली साय काढून टाकायची. पांढरे कपडे आधी, मग रंगीत, शेवटी शेतातले. पन्हळी फळीवर घासायचे, नीळ द्यायची, हातानं पिळायचे. उरलेल्या साबणपाण्यानं बाकं आणि दारापुढचा भाग धुवायचा. इस्त्र्या भरीव लोखंडाच्या, अडीच ते चार किलोच्या. दोन-तीन चुलीवर ठेवून आळीपाळीनं घ्यायच्या, म्हणजे जुलैच्या उकाड्यातही चूल पेटती हवी.

साबण घरीच होई, वर्षातून एक-दोनदा. जुनी रीत अशी: तळाला गवत घातलेल्या लाकडी पेटीत राख भरायची, वरून पावसाचं पाणी थोडं थोडं ओतायचं, आणि खाली तपकिरी खारपाणी ठिबकू द्यायचं. त्यात अंडं सोडून पाहायचं. नाण्याएवढा भाग वर तरंगला तर खार बरोबर. अंडं बुडालं तर पातळ, म्हणून उकळून आटवायचं. आडवं तरंगलं तर फार कडक, पाणी घालायचं. या खारात चरबी शिजवली की जेलीसारखा मऊ साबण होई. राखेतला क्षार पोटॅशचा असतो आणि त्याचा साबण वडीसारखा घट्ट होत नाही, हे त्यामागचं कारण.

पण या रीतीला कठीण लाकडाची राख लागते आणि माळावर ती नव्हतीच. शेणीच्या आणि गवताच्या राखेवर ते भागत नसे. त्यामुळे प्रेअरीवरच्या बऱ्याच बायका दुकानातला डबाबंद कॉस्टिक सोडा घेत. त्याचं सर्वसाधारण प्रमाण: २.७ किलो स्वच्छ चरबी, ३७० ग्रॅम सोडा आणि सव्वा लिटर पाणी. सोडा पाण्यात घालायचा. पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, कारण मिश्रण एकदम उसळून तोंडावर उडतं. दोन्ही कोमट झाल्यावर खाराची बारीक धार चरबीत सोडत एकाच लयीत ढवळायचं, मधासारखं दाट झालं की पेटीत ओतायचं, दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि काही आठवडे वाळू द्यायच्या. चरबी खारवलेल्या मांसाची असेल तर आधी पाण्यात उकळून मीठ काढावं लागे, नाहीतर मिश्रण फाटे. सोडा जास्त झाला तर त्या साबणानं बोटांची कातडी सोलवटे. ढवळताना डोळ्यात थेंब उडून लहान मुलांची दृष्टी जाण्याचा धोका खरा होता, म्हणून धाकट्यांना लांब ठेवणं ही थोरलीची पहिली जबाबदारी असे.

गुरं राखणं, आणि तारेनं केलेली सुटका

घरात मोठा मुलगा नसेल तर गुरं मुलीकडं. कुंपणाला लाकूड नव्हतं, आणि १८७० च्या दशकात कॅन्सस-नेब्रास्कात लागू झालेल्या नियमांनी नुकसानीची जबाबदारी गुरांच्या मालकावर टाकली होती. गाय शेजाऱ्याच्या मक्यात शिरली तर भरपाई. म्हणजे आठ-दहा वर्षांची मुलगी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत भाकरीची पुरचुंडी घेऊन माळावर. पूर्व नेब्रास्कात गवत माणसाच्या डोक्यावर जाई. त्यात गुरं दिसत नसत, म्हणून म्होरक्या गायीच्या गळ्यात घंटा बांधून आवाजावर लक्ष ठेवायचं. स्वतः वाट चुकली तर गायींमागं चालायचं, संध्याकाळी त्या घरी येतातच. काठ नसलेल्या माळावर खुणेला झाड नसल्यानं मुलं हरवायची, आणि रॅटलस्नेक हे विषारी साप असल्यानं अनवाणी पायांना काठीनं वाट झोडत चालायची सवय लागे.

शेतातलं तिचं काम पेरणीचं. पहिल्या वर्षी उलटलेल्या सॉडमध्ये बाप कुऱ्हाडीनं खाच पाडे, मुलगी त्यात मक्याचे तीन-चार दाणे टाकून टाचेनं दाबे. दाणे कमी टाकले तर खारी आणि पाखरांनंतर काही उरत नाही, जास्त टाकले तर बियाणं पुरत नाही.

१८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तार स्वस्त झाली आणि कुंपणं उभी राहिली. या तारेची चर्चा गुराख्यांच्या नि मोठ्या कुरणांच्या संदर्भात होते. गुरं राखण्यातून सुटून शाळेत जाऊ शकलेली मुलं हा तिचा तेवढाच मोठा परिणाम आहे असं आम्हाला वाटतं.

शाळा आणि पहिला पगार

मोजणीतल्या ३६ भागांपैकी १६ वा आणि ३६ वा भाग शाळेसाठी राखीव होता. ती जमीन विकून किंवा भाड्यानं देऊन शाळा चालायची. शाळा म्हणजे एक खोली, कित्येकदा सॉडचीच. पाच वर्षांच्या बाळापासून वीस वर्षांच्या तरण्या पोरापर्यंत सगळे तिथंच. शाळा वर्षभर नसे. हिवाळ्याचं सत्र तीन-चार महिन्यांचं आणि उन्हाळ्याचं तेवढंच किंवा त्याहून लहान. घरात बाळंतपण, आजारपण किंवा कापणी आली की थोरली मुलगी आधी शाळेतून निघे. युरोपातून आलेल्या चेक, स्वीडिश, नॉर्वेजियन घरांत मात्र तिच्या शाळेला वेगळीच किंमत होती. घरात इंग्रजी येणारी तीच. दुकानदाराशी आणि जमीन कचेरीशी बोलायला बाप तिला सोबत नेई.

सोळाव्या-सतराव्या वर्षी दोन वाटा खुल्या असत. एक, दुसऱ्याच्या घरी कामाला राहणं: जेवणखाण आणि आठवड्याला दीड-दोन डॉलर. दुसरी, कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शिक्षणाधिकाऱ्याची परीक्षा देऊन सगळ्यात खालच्या श्रेणीचा दाखला मिळवणं आणि मास्तरीण होणं. तिथं महिन्याला वीस ते पस्तीस डॉलर मिळत, पुरुष शिक्षकापेक्षा कमी, आणि तेही सत्रापुरतेच. अल्पवयीन मुलीच्या कमाईवर कायद्यानं बापाचा हक्क होता. कित्येक घरांत मास्तरणीचा पहिला पगार बियाण्याला किंवा बैलाच्या हप्त्याला गेला.

टोळ, वादळ, घटसर्प

जुलै १८७४ मध्ये रॉकी पर्वतातल्या टोळांच्या झुंडी उतरल्या. मका, गहू, भाज्या तर गेल्याच. जमिनीतले कांदे पोखरून खाल्ले आणि घामानं खारट झालेले अवजारांचे दांडेही कुरतडले. मुलीनं भाज्यांवर गोधड्या झाकल्या, तर टोळांनी आधी गोधड्या खाल्ल्या आणि मग भाज्या. कोंबड्यांनी टोळ खाल्ले की अंड्यांना आणि मांसाला वास येई, म्हणजे तेही उत्पन्न बुडालं. हा टोळ १९०२ नंतर जिवंत सापडलेला नाही.

१२ जानेवारी १८८८ ची सकाळ उबदार होती. मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली, बरेच दिवस घरात कोंडलेली गुरं बाहेर सोडली. वादळ आलं ते अनेक ठिकाणी शाळेच्या वेळात. बर्फ पिठासारखा बारीक, त्यामुळे समोर धरलेला हात दिसेना आणि श्वास कोंडे, त्यात तापमान काही तासांत कोसळलं. सुमारे २३५ माणसं गेली असा अंदाज आहे, त्यांत मुलं पुष्कळ. नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा तिनं सगळ्या मुलांना जवळच्या घरापर्यंत सुखरूप नेलं आणि तिचं नाव देशभर झालं. त्याच दिवशी लोइस रॉइस ही दुसरी शिक्षिका तीन मुलांना घेऊन निघाली आणि वाट चुकली. तिन्ही मुलं रात्रीत गारठून गेली, तिनं स्वतः पाय गमावले. दोघींनी त्या परिस्थितीत शक्य ते केलं. फरक अंतराचा आणि वाऱ्याच्या दिशेचा होता, आणि एकीचंच कौतुक करून थांबणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

आजारांमध्ये घटसर्प सगळ्यात क्रूर. घशात पडदा धरून श्वास अडकतो. त्यावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्हतंच, आणि एका घरातली तीन-चार भावंडं एका आठवड्यात गेल्याच्या नोंदी थडग्यांच्या दगडांवर आजही वाचता येतात. बाळंतपणाला शेजारीण येई. ती येईपर्यंत आणि पुढचे काही आठवडे घर थोरल्या मुलीचं. आई गेली तर घर कायमचंच तिचं.

तिच्या स्वतःच्या नावाचा कागद

होमस्टेड कायद्यात एक मोठी गोष्ट होती: दावा लावायला पुरुष असण्याची अट नव्हती. लग्न झालेल्या बाईला कुटुंबप्रमुख मानत नसत, त्यामुळे तिला दावा नाही. २१ वर्षांच्या अविवाहित मुलीला, विधवेला, नवऱ्यानं सोडलेल्या बाईला मात्र होता. १८७७ मध्ये कॅन्ससात निकोडेमस ही वसाहत वसवणाऱ्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या मुलींनाही तोच कायदा लागू होता.

लेक २१ ची झाली की बापाच्या शेजारचा तुकडा रिकामा आहे का, हे घर पाहू लागे. सहा महिन्यांच्या आत तिथं राहायला जायचं, छोटी खोली बांधायची, काही एकर फोडायचे. दोन्ही जमिनींच्या सीमेवरच खोल्या बांधून, बापानं आपल्या हद्दीत आणि लेकीनं तिच्या हद्दीत झोपायचं, अशीही सोय लोकांनी केली. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर, म्हणजे १६० एकरांचे २०० डॉलर भरून जमीन ताब्यात घेता येई. १८९१ पासून ही मुदत १४ महिने झाली. लग्नाचा घोळ इथंच होता. नवरा एका दाव्यावर आणि बायको दुसऱ्यावर राहते असं दोघांना दाखवता येत नसे, त्यामुळे आधी कागद हातात, मग लग्न, असा क्रम बऱ्याच मुलींनी धरला.

जमीन नावावर होण्यासाठी द्यायच्या शेवटच्या पुराव्याच्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस छापून झालेली असे, आणि दोन शेजारी साक्षीदार जमीन कचेरीत शपथेवर उत्तरं देत. घर केवढं, विहीर आहे का, किती एकर फोडले, कुटुंबात कोण कोण. बापाच्या अशा जबाबात लेकीचा उल्लेख सापडतो तो ‘पत्नी आणि चार मुलं’ यातल्या चार या आकड्यात. तिनं स्वतः दावा लावला असेल तर तेच प्रश्न तिच्या नावानं विचारलेले असतात, उत्तराखाली तिची सही असते, आणि घराच्या रकान्यात लिहिलेलं असतं: सॉडची एक खोली, एक दार, एक खिडकी.